आत्याच्या होकाराचा हंगाम

गोरेगावच्या शाळेतून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून पडलेलं दिसलं की मला उगाच हसू येतं. दिवाळी होऊन गेलेली असते. उन्हातला जाच गेलेला असतो. कापलेल्या धानाचा ओलसर, गोड वास स्कूटीवर समोरून तोंडावर येतो, आणि मागे बसलेली माझी मुलगी विचारते, "मम्मी, कायले हसून राहिली?"

काय सांगू तिला? याच दिवसांत एकदा माझी चाळिशी ओलांडलेली आत्या कॉलेजातल्या पोरीसारखी वेडी झाली होती, आणि तिच्याहून जास्त वेडी मी झाले होते, हे कसं सांगू?

त्या वर्षी माझं बी.ए. झालं होतं आणि पुढे काय ते ठरत नव्हतं. नागपूरला बी.एड.ला जावं, गोंदियातच एखाद्या शाळेत लागावं, की बाबा म्हणतात तशी स्थळं पाहू द्यावीत? मी रोज प्रार्थना करत होते आणि रोज मला वेगळंच उत्तर ऐकू येत होतं. सोमवारी प्रभू मला नागपूरला पाठवायचा, मंगळवारी गोंदियातच ठेवून घ्यायचा. शेवटी बाबाच कंटाळून म्हणाले, "एस्तेरकडे जाऊन राह थोडे दिवस. जंगलाची हवा खा, डोकं शांत होईल."

एस्तेर म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माझी आत्या. चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात ती सरकारी उपकेंद्रात नर्स होती. लग्न केलेलं नव्हतं. उंच, झपझप चालणारी, हसली की पलीकडच्या घरातली कोंबडी बिचकावी असं हसणारी. गावात गोंडांची घरं जास्त, काही बौद्धांची, थोडी पोवारांची, आणि ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. सगळ्यांसाठी ती नर्सबाई. तिच्या मोपेडचा आवाज आला की बाया अंगणातूनच ओरडून आपली दुखणी सांगायच्या आणि ती न थांबता ओरडून औषध सांगायची. अडलेल्या बाळंतिणीपाशी तिला निर्णय घ्यायला क्षणसुद्धा लागत नसे. "देवरीला न्या. आत्ताच. जीप पाहा कोणाची आहे." बस. घरातले पुरुष एकमेकांकडे पाहत असायचे तोवर हिने बाईला शाल गुंडाळलेली असायची.

डोकं शांत करायला मी तिच्याकडे गेले होते. पोचल्यावर पहिल्याच रविवारी ती शांतता उडून गेली.

आमचं प्रार्थनाघर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. देवरीहून पाळकबाबा एसटीने यायचे. वयस्कर, बारीक, बोलायला सावकाश. त्या दिवशी उपासना झाल्यावर ते आत्याकडे जेवायला थांबले. जेवण झालं, त्यांनी हात धुतले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "एस्तेर, तो दानिएल आहे ना, इटियाडोहकडचा. त्यानं विचारलं आहे."

"काय विचारलं? गुडघ्याचं औषध?"

"तुला विचारलं आहे."

आत्याने हातातला तांब्या खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग म्हणाली, "मला एका घरी टोचायला जायचं होतं, विसरलेच," आणि तरातरा बाहेर गेली. रविवारी कसलं आलं टोचणं! मोपेड सुरू झाल्याचा आवाज आला. खूप आवाज आला, पण तो लांब काही जाईना. मी दारातून पाहिलं, तर आत्या ताठ बसलेली, अ‍ॅक्सिलरेटर पिळते आहे, आणि मागचं चाक हवेत गरगर फिरतं आहे.

"ती येईल आत," पाळकबाबा म्हणाले. "गाडी स्टँडवर आहे."

दानिएलभाऊंना मी तोवर एकदाच पाहिलं होतं. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर त्यांची धानाची शेती. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, घरात एक मुलगी. त्यांची बहीण आत्याच्याच गावात दिलेली. तिच्या बाळंतपणाच्या वेळी हा माणूस दिवसभर उपकेंद्राबाहेर चिंचेखाली नुसता बसून होता. आत्याने बाहेर येऊन त्यांना झापलं होतं, "भाऊ, इथे बसून काय करता? उठा, पाणी तापवा." त्यांनी पाणी तापवलं. चूल विझू दिली नाही. नंतर दोन नाताळांना ते बहिणीकडे आले तेव्हा प्रार्थनाघरात मागच्या सतरंजीवर बसले. आत्याची ओळख म्हणावी तर एवढीच.

आणि तरीही! त्या रविवारनंतर आत्या स्वयंपाक करताना गायला लागली. ती नेहमीच गायची, पण आता गाणं मध्येच तोडून स्वतःवर चिडायची. केसांना तेल लावायची आणि लगेच घट्ट बांधून टाकायची. बाहेर गावभर धान कापणी चाललेली. पहाटे धुकं, मग विळ्यांची सळसळ, बायांच्या हाका, पोपटांचे थवेच्या थवे, दुपारी भाऱ्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग. सगळं गाव घाईत होतं, हसत होतं, दमत होतं. त्या सगळ्या गडबडीत मला वाटायचं की ही घाई आमच्यासाठीच आहे, सगळे आत्याच्या उत्तरासाठीच धावताहेत.

"हो म्हण ना," मी म्हणायचे.

"गप."

"मग नाही म्हण."

"तूही गप आणि तुझं नाहीही गप."

एकदा आम्ही लसीचा डबा घेऊन टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या घरांकडे, निघालो होतो. धानाच्या बांदीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून, एकामागे एक चालत. दोन्हीकडे कापलेलं धान आडवं वाळत पडलेलं. ती पुढे होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलली असेल.

"तुझ्याएवढी होते तेव्हा नागपूरचं एक स्थळ आलं होतं मला. मुलगा आवडला. इतका आवडला की मी मंडळीत उभी राहून सांगितलं, प्रभूने मला सांगितलंय, हाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मोडलं. वर निरोप आला, देवाची इच्छा नाही म्हणून." ती थांबली. एक बाई डोक्यावर भारा घेऊन समोरून येत होती, तिला वाट दिली. "मला मोडल्याचं दुःख कमी झालं होतं गं. लाज जास्त वाटली. देवाचं नाव घेऊन मी माझ्याच मनाचं बोलले होते. तेव्हापासून मन हो म्हणालं की मला भीती वाटते."

"आणि आता मन काय म्हणतं?"

"तेच तर," ती म्हणाली आणि इतक्या जोरात चालायला लागली की मला पळावं लागलं.

मग सुरू झाला खुणा मागण्याचा खेळ. माझ्या आत्याने, जिने शेकडो बाळंतपणं केली त्या बाईने, देवाकडे खूण मागितली. आज चिचगडची एसटी वेळेवर आली तर हो समजायचं. एसटी वेळेवर आली. तेव्हा म्हणाली, ड्रायव्हर नवा आहे, हा तसाच घाई करतो, ही खूण धरायची नाही. मग उपास केला. संध्याकाळी डोळे चमकत होते. म्हणाली, आत अगदी शांत वाटतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उपाशी माणसाला शांतच वाटणार. मी हसून हसून पडले. तीही हसली, पण मग डोळे पुसत म्हणाली, "पाहिलंस? पाहिजे तिथे मन खूण दाखवतं आणि भीती वाटली की तीच पुसून टाकतं. माझ्याच घरात राहते ही चोरटी, आणि मी हिला ओळखत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की आपण रोज "मनापासून" हा शब्द किती बेधडक वापरतो. मनापासून म्हणजे नेमकं कुठून? माझं सोमवारचं नागपूर आणि मंगळवारचं गोंदिया मनातूनच तर आलं होतं.

आणि मग एका दुपारी रूथ आली.

रूथ दानिएलभाऊंची मुलगी. अठरा-एकोणीस वर्षांची. आधी मोरगावची, मग कोहमाऱ्याची, मग देवरीची, अशा एसट्या बदलत एकटी आली होती. खांद्यावर पिशवी, पिशवीत नवे तांदूळ. दारात उभी राहून तिने आत्याला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच नर्सबाई?"

"हो. ये, बस."

"बसत नाही. परतीची गाडी आहे." पण बसली. पाणी प्यायली. पिशवी पुढे सरकवली. "बानं नाही पाठवलं. मीच आणले. त्याले माहीत बी नाही मी इथं आली ते."

मग ती बोलली, एका दमात, घोकून आल्यासारखी. "हे पाहा बाई, मले नवी आई नाही पायजे. मले आई होती. पन मायं लगन होईन, मी जाईन. मग घरात तो अन् रेडिओ. तुमाले नाही म्हनाचं असन तर म्हना, पन लवकर सांगा. तो रोज धुऱ्यावर जाऊन बसून राहते. मजूर धान कापून राहिले अन् मालक बसून राहिला. लोक हासतात."

आत्याच्या ओठांचा कोपरा हलला. "तुझे बाबा प्रार्थना करतात का गं याच्याबद्दल?"

"करते ना. रोज करते. पन तुमचं नाव घ्याले लाजते. 'प्रभू, त्या विषयाचं पाहा' म्हनते."

मी ओढणी तोंडात कोंबली. आत्या मात्र हसली नाही. ती उठली, आत गेली, आणि बऱ्याच वेळाने रूथसाठी भाजी-भाकरीचं ताट घेऊन बाहेर आली. डोळे लाल होते. रूथ जेवली, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, आणि परतीच्या गाडीने गेली.

पुढच्या रविवारी आमच्याकडे हंगामाची उपासना होती. नव्या पिकातली पहिली पेंढी वेदीजवळ ठेवायची आणि देवाचे आभार मानायचे, हा आमच्या मंडळीचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस. टिनाखालची ती खोली सोन्यासारखी झाली होती. धानाच्या पेंढ्या, भोपळे, तुरीच्या शेंगा, कुणी पाय बांधून आणलेला कोंबडा, जो पाळकबाबांच्या प्रत्येक वाक्याला साथ देत होता. मुलं झेंडूच्या माळा ओढत होती. गाणी तर अशी की छप्पर थरथरत होतं. बाहेर शेजारचे गोंड आणि बौद्ध बाया-पुरुषही येऊन उभे होते, कारण नंतर जेवण सगळ्यांना असायचं.

आभाराची प्रार्थना दरवर्षी आत्या करायची. ती उभी राहिली. डोळे मिटले. आणि बोलताच येईना. सगळे वाट पाहत होते. शेवटी ती एवढंच म्हणाली, "प्रभू, मला कळत नाही," आणि खाली बसली. कुणीतरी हळूच आमेन म्हटलं.

जेवणं आटोपल्यावर, मोठी पातेली घासायला काढलेली असताना, ती पाळकबाबांसमोर जाऊन उभी राहिली. मी पत्रावळी गोळा करत होते. सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, माणसाचं मन कपटी असतं, हे तुम्हीच शिकवलं ना मला लहानपणी?"

"शिकवलं."

"मग मी त्याच्यावर कसा भरवसा ठेवू? ते हो म्हणून राहिलं."

पाळकबाबांनी दातातली काडी काढून टाकली. मग म्हणाले, "मन खोटं बोलते, हे खरं. पण ते फक्त हो म्हणतानाच खोटं बोलते का? नाही म्हणताना काय ते गंगेत न्हाऊन येते? तुझी भीती बी मनातूनच आली ना, पोरी? तिला तू देवाचा आवाज समजून इतकी वर्षं घरात बसवून ठेवली."

आत्याने घासायला काढलेलं एक पातेलं उगाच सरळ केलं.

"तू वाट पाहून राहिली की आधी मन साफ होईल, मग ते घेऊन देवाकडे जाईन. तसं साफ मन कोणालेच मिळत नाही. मलाही नाही मिळालं. जसं आहे तसंच घेऊन जाय. हो बी घेऊन जाय, भीती बी घेऊन जाय. अन् चालायला लाग. चुकली तर तो वळवून घेईल. बसलेल्या माणसाला वळवायचं तरी कुठं?"

मी पत्रावळी हातात धरून तशीच उभी होते. ते आत्याशी बोलत होते, पण माझं सोमवार-मंगळवारही त्यांनी एका फटक्यात आडवं केलं होतं.

आत्याने तोंडावर पाणी मारलं. माझ्याकडे वळली आणि उपकेंद्रात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "रजा टाकते. उद्या इटियाडोहला जाऊ."

तो प्रवास! खिडकीची सीट तिने मला दिली नाही, स्वतः घेतली. रस्ताभर धान, धान, धान. कापलेलं, उभं, भारे बांधलेलं, रचलेलं. ती सगळ्या वाटेवर बोलत होती आणि मी काहीच ऐकत नव्हते. तिने निळी साडी नेसली होती. कोहमाऱ्याला गाडी बदलताना ती म्हणाली, "परत जाऊ या." मी तिचा हात धरून तिला पुढच्या गाडीत चढवलं.

कालव्याच्या पाळीवरून चालत गेलो. पाणी कमी होतं, पण वाहत होतं. शेतात बाया कापत होत्या, रूथ त्यांच्यात होती. तिने आम्हाला पाहिलं, विळा वर केला आणि ओरडली, "बा! ऊठ! तुया विषय आला!"

दानिएलभाऊ खरोखरच धुऱ्यावर बसले होते. ते उठले, पायातली चप्पल शोधायला लागले, ती सापडेना, तसेच अनवाणी आले. आत्या थेट कामाचं बोलली. लाजली की ती तसंच बोलते.

"मी नोकरी सोडणार नाही."

"सोडा म्हननारा मी कोन? ज्यानं लावली त्यानं पाहावं."

"बदली लवकर होणार नाही."

"मी येत जाईन."

"मला भीती वाटते."

दानिएलभाऊंनी हातातली काडी मोडली. "मले बी वाटते," ते म्हणाले. "पयल्यांदा लगन केलं तेव्हा नव्हती वाटली. आता मानूस जाते हे माहीत झालं ना."

बायांचे विळे थांबले होते. सगळं शेत कान देऊन उभं होतं. आत्याने एकदा आभाळाकडे पाहिलं. खूण शोधायला नसावं ते, कारण लगेच तिने मान खाली आणली आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "हो."

बाया अशा ओरडल्या की कालव्यावरचे बगळे उडाले. दानिएलभाऊ तिथेच कापलेल्या धानात गुडघ्यावर बसले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, एस्तेरबाईसाठी तुये उपकार मानतो." नाव घेतलं! रूथ विळा टाकून रडत होती आणि कुणी जवळ आलं की म्हणत होती, "डोळ्यात कचरा गेला."

लग्न नाताळानंतर झालं. मी त्या उन्हाळ्यात बी.एड.चा अर्ज भरला. देवाने कानात काही सांगितलं म्हणून नाही, चालायला तर लागावं म्हणून. माझी वाट नागपूरवरून फिरून या गोरेगावच्या शाळेत येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मला खरं वाटलं नसतं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. आत्याची बदली फार उशिरा झाली. तोवर शनिवारी कधी ती जायची, कधी ते यायचे, आणि लोक हसायचे की हे लग्न आहे की एसटीची फेरी. एका वर्षी तुडतुड्यांनी उभं धान करपवलं. एका वर्षी दानिएलभाऊ गाडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि आत्या रजा संपल्यावरही पहाटेची गाडी पकडून कामावर जात राहिली. रूथने तिला कधी आई म्हटलं नाही. आजही एस्तेरबाईच म्हणते. पण आपल्या दोन्ही बाळंतपणांना तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

त्या वाईट वर्षांत मी आत्याला विचारणार होते, चुकलं का गं आपलं? हिंमत झाली नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की प्रश्न फिका पडायचा. ती थकलेली असायची, चिडलेली असायची, पण ती जुनी भीती तिच्यात कुठे दिसत नव्हती. मनाचं कपट संपलं नव्हतं. तिनेच मला हसत सांगितलं होतं की अजूनही ते रोज काहीतरी नवं शिजवतं. फरक एवढाच की आता ती ते झाकून ठेवत नाही. सकाळी उठून दोघं चुलीपाशी बसतात आणि देवाला सगळं सांगून टाकतात, राग, हट्ट, शेजाऱ्याबद्दलचा मत्सर, सगळं, आणि मग कामाला लागतात.

मागच्या रविवारी मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. कापणी चाललीच होती. दानिएलभाऊ लंगडत मजुरांना चहा देत होते. आत्या आता निवृत्त झाली आहे, केस पांढरे, चाल तीच. ती खळ्यावर धान पाखडत होती, सूप वर-खाली, भुसा वाऱ्यावर. मी जवळ जाऊन बसले आणि इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं विचारून टाकलं.

"आत्या, हा खरोखर देवानेच दाखवलेला रस्ता होता, हे तुला नक्की कधी कळलं?"

तिचं सूप थांबलं. तिने खरंच विचार केला. मग माझ्या केसांत अडकलेला भुसा काढला आणि म्हणाली,

"कळून राहिलं ना. अजून कळून राहिलं."